बेटाची जमीन, तिसरा मजला

लामोथ साहेब बकऱ्याची नळी चोखत होते. तोंडातला रस हनुवटीवर उतरला तो त्यांनी मनगटाने पुसला. नळी ताटाच्या काठावर आपटली, आतला मगज निघेना म्हणून पुन्हा ओठांत धरून ओढली, आणि मग म्हणाले, "गुरुवारचं तिकीट काढलंय तुझं, थिओ. सकाळचं विमान. दुपारचं जेवण बायकोच्या हातचं जेवशील."

थिओफिलस जॉर्दान समोर उभा होता. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत गुंडाळून गळ्यात अडकवलेला. ते बकरं त्यानेच शिजवलं होतं, डाव्या हाताने, पहाटेपासून चुलीसमोर उभं राहून.

सेंट ऑरेल हे आमचं बेट नकाशात शोधायला भिंग लागतं. तिथली माणसं दर मार्चमध्ये कॅनडातल्या, ओंटारिओतल्या मळ्यांवर येतात आणि डिसेंबरात परत जातात. करारावर एक सही मळेवाल्याची, एक मजुराची आणि तिसरी टोरंटोतल्या आपल्या वकिलातीची. मजुराचं गाऱ्हाणं असेल तर ते वकिलातीने मांडावं असं त्यात छापलेलं आहे. छापणाऱ्याला शाई फुकट मिळत असावी.

वकिलातीचा कामगार अधिकारी वर्षातून एकदा मळ्यावर येतो. तो येणार म्हटलं की बराकीत लगीनघाई. फरशी घासायची, खाटांवरच्या गोधड्या सारख्या करायच्या, दारावर बेटाचा झेंडा लावायचा, वर्गणी काढून बकरं आणायचं. साहेबांची गाडी मात्र बराकीसमोर थांबत नाही. ती आधी मालकाच्या घराकडे वळते. तिथे कॉफी, ॲपल पाय, मुलांची चौकशी. तासाभराने साहेब मालकाला बरोबर घेऊनच बराकीत येतात, दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आणि साहेब विचारतात, "बोला, काही तक्रार आहे का कुणाची?"

मळ्याचा मालक हँक ब्रॉवर त्या वेळी हाताची घडी घालून, हसऱ्या चेहऱ्याने एकेकाकडे बघत असतो. चाळीस माणसं आपापल्या बुटांकडे बघत असतात. बुटांकडे बघायचं हे नव्या पोरांना शिकवायचं काम इतकी वर्षं थिओनेच केलं होतं. "साहेबांनी विचारलं की खाली बघ आणि मनात रोझरी म्हण. संपेपर्यंत ते गेलेले असतात."

आज, रविवारीही तसंच झालं. साहेबांनी विचारलं. चाळीस माना खाली गेल्या. मग मागच्या रांगेतून इग्नेशियस म्हणाला, "तक्रार एकच आहे साहेब. रस्सा थंड होतोय." सगळे हसले. ब्रॉवरला बेटाची बोली कळत नाही, पण तोही हसला, आणि बकऱ्याचा वास सोसेना म्हणून घरी गेला.

आता लामोथ साहेब एकटेच टेबलाशी होते. थिओ म्हणाला, "साहेब, ऑपरेशन परवाचा सोडून पुढच्या मंगळवारी आहे. इस्पितळाने तारीख दिलीय."

"आपल्याकडे डॉक्टर नाहीत?"

"हाताचा नाही."

"हाताचा, पायाचा, नाकाचा. इथे आलात की तुम्हाला अवयवागणिक डॉक्टर लागतो. बेटावर एकच डॉक्टर सगळं बघायचा तेव्हा माणसं मरत होती का?"

"मरत होती साहेब."

साहेबांनी नळी खाली ठेवली. "जीभ बरी आहे तुझी. हाताला लागलं, जिभेला नाही लागलं."

टोमॅटो वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर लोखंडी जाळी होती. जाळीत टोमॅटो अडकतात, काम खोळंबतं, म्हणून ब्रॉवरच्या मुकादमाने ती काढून ठेवली. ऑगस्टच्या सुरुवातीला थिओचा हातमोजा पट्ट्याच्या फिरत्या रुळात गेला आणि हातमोज्यापाठोपाठ हात. जखम शिवली. पण दोन बोटं वाकवणारी आतली दोरी तुटली होती. इस्पितळातल्या डॉक्टरणीने कागदावर बोट काढून दाखवलं होतं. मनगटातली एक दोरी काढायची आणि बोटात ओवायची. वेळेत केलं तर बोटं वाकतील. उशीर झाला तर आत सगळं चिकटून जाईल आणि बोटं काठीसारखी ताठ राहतील, मरेपर्यंत. थिओ हिवाळ्यात बेटावर नावा बांधतो. लाकूड तासायची तासणी धरायची तर बोटं वाकावी लागतात.

"परत पाठवा असं मालक म्हणाला का?" त्याने विचारलं.

"ब्रॉवर भला माणूस आहे. असं तोंडाने म्हणत नाही तो." साहेबांनी भांड्यातून आणखी दोन तुकडे वाढून घेतले. "एवढंच म्हणाला की मेक्सिकोची माणसं फारशी आजारी पडत नाहीत म्हणे. आता याचा अर्थ मी तुला समजावून सांगू? एक फोन केला की पुढच्या मार्चला ह्या खाटांवर दुसरे झोपतील. चाळीस माणसं म्हणजे चाळीस चुली. तुझ्या दोन बोटांपायी मी चाळीस चुली विझवू?"

चाळीस चुलींची काळजी वाहणाऱ्या त्या माणसाच्या ओठांवर चरबीचा पांढरा थर गोठायला लागला होता. थिओ भांड्यापासून एक पाऊल मागे सरला. त्याच मटणाचा वास त्याला सकाळी गोड लागला होता.

"आणि तोंड असं पाडू नकोस," साहेब उठता उठता म्हणाले. "बुधवारी वकिलातीत समारंभ आहे. ब्रॉवरना 'बेटाचा मित्र' म्हणून मानाची पाटी देतोय आपण. खुद्द कॉन्सल जनरल साहेबांच्या हस्ते. असल्या दिवशी वाईट बातमी नको." मग त्यांनी भांड्यात डोकावून विचारलं, "हे उरलेलं डब्यात भरून मिळेल ना?"

डबा इग्नेशियसने भरला. गाडी गेल्यावर तो थिओच्या खाटेवर येऊन बसला.

"जा गप. भांडलास तर यादीतून नाव जाईल. गेलास तर पुढल्या वर्षी बोलावतील तरी."

"ताठ बोटांच्या माणसाला? टोमॅटो काय दातांनी तोडू?"

"मग काय करणार आहेस?"

"वकिलातीत जाऊन बसणार."

"वकिलातीतूनच तर आला होता ना आत्ता तो? आपलं बकरं गाडीत घालून घेऊन गेला तो कोण होता मग?"

"लामोथ म्हणजे वकिलात नाही," थिओ म्हणाला. "वर कॉन्सल साहेब आहेत. आणि ती जमीन आपली आहे."

ही जमिनीची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण थिओचं सगळं घोडं तिथेच अडलं होतं. दर जुलैत, स्वातंत्र्यदिनाला, टोरंटोतल्या एका चर्चच्या सभागृहात बेटाची माणसं जमतात. मळ्यांवरून बस भरून मजूर येतात. वकिलातीचे प्रमुख, कॉन्सल जनरल रेजिनाल्ड ऑक्टाव्ह, पांढऱ्या सुटात उभे राहतात आणि दरवर्षी तेच भाषण करतात. "बंधूंनो, परमुलुखात आहोत असं कधी समजू नका. आपल्या वकिलातीचा उंबरा ओलांडलात की तुम्ही सेंट ऑरेलच्या मातीवर उभे आहात. तिथे तुमच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती नाही." एवढं झालं की बँड वाजतो, रमच्या बाटल्या फुटतात, आणि नऊ-नऊ महिने बायकापोरांचं तोंड न बघणारी धटिंगण माणसं रडतात. थिओही रडायचा. त्याने हे वाक्य घरी फोनवर बायकोला सांगितलं होतं, मुलांना सांगितलं होतं. त्याचा त्या वाक्यावर प्रार्थनेसारखा विश्वास होता. भाषण हे भाषण असतं हे कळायला ज्या शाळेत जावं लागतं त्या शाळेत तो गेला नव्हता.

बुधवारी सकाळी त्याने धुतलेला सदरा घातला, गुंड्या इग्नेशियसकडून लावून घेतल्या, आणि टोरंटोची बस धरली.

वकिलात एका ऑफिसच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली दातांचा दवाखाना, वर विमा कंपनी. लिफ्टमधून बाहेर आलं की काचेचं दार, त्यावर बेटाचं बोधचिन्ह, दोन पोपट आणि एक नारळ. दारात थिओने बूट पायपुसण्यावर नीट पुसले. मग आत पाऊल टाकलं.

टेबलामागे युडोरा होती. तिची आई थिओच्या गावची. लहानपणी तिला त्याने खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती.

"थिओदादा? तू इथे? उद्या तुझं विमान ना?"

"त्याच्यासाठीच आलोय. आई कशी आहे?"

"गुडघे धरलेत. पासपोर्टचं काम आहे का?"

"नाही. बसायला आलोय."

"बसायला म्हणजे?"

"बसायला म्हणजे बसायला, पोरी. ऑपरेशन होईपर्यंत. ही आपली जमीन आहे. इथून मला कोण उचलणार?"

युडोराने त्याच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हसू येत होतं ते अर्ध्यात थांबलं. "तुला हे कोणी सांगितलं?"

"ऑक्टाव्ह साहेबांनी. दरवर्षी सांगतात."

 युडोरा उठून आतल्या खोलीत गेली. थिओ खुर्चीवर बसला. आत समारंभाची तयारी चालली होती. एका लांब टेबलावर पांढरी चादर, त्यावर काचेचे पेले, खाऱ्या माशाच्या वड्या, आणि मधोमध मखमलीच्या पेटीत ती पितळी पाटी. पाटीवर ब्रॉवरचं नाव होतं. सगळं लखलखीत होतं आणि सगळ्याला खोलीत मारलेल्या अत्तराचा वास येत होता, माशालासुद्धा.

आधी लामोथ साहेब आले. त्याला बघून त्यांच्या गळ्याची शीर तट्ट फुगली. "तुला अक्कल आहे का? आजच्या दिवशी? चार वाजता माणसं येणार आहेत."

"येऊ देत की साहेब. मी कोपऱ्यात बसतो."

"उठ."

"नाही उठणार."

थिओ आयुष्यात पहिल्यांदा कुणा साहेबाला 'नाही' म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं. म्हणायला फार सोपं होतं.

मग ऑक्टाव्ह साहेब स्वतः बाहेर आले. ते लामोथसारखे ओरडत नाहीत. खुर्ची ओढून ते थिओच्या समोर बसले, गुडघ्यावर गुडघा टाकला, आणि डॉक्टर पेशंटला विचारतो तसं म्हणाले, "काय झालंय जॉर्दान? मला सांग."

थिओने सगळं सांगितलं. जाळी, पट्टा, डॉक्टरीण, दोरी, मंगळवार. साहेब मान हलवत होते. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि तू इथेच का बसलास?"

"तुम्हीच म्हणाला होतात साहेब. उंबरा ओलांडला की बेटाची माती."

ऑक्टाव्ह साहेबांनी लामोथकडे बघितलं. दोघांच्याही ओठांचे कोपरे हलले. "अरे बाबा, ती भाषणातली गोष्ट."

"भाषणात खोटं बोलता का?"

"भाषणात खोटंही नसतं आणि खरंही नसतं. भाषणात भाषण असतं." ते हसले. मग त्यांना आणखी एक विनोद सुचला. "पण चल, तुझंच खरं धरू. ही बेटाची जमीन. म्हणजे तू घरी पोचलास. लामोथ, जॉर्दान मायदेशी परतला म्हणून नोंद करून टाका. विमानाचं भाडंसुद्धा वाचलं."

लामोथ क्षणभर थांबून हसले, आधी साहेबांचं हसणं पुरतं झालं आहे ना ते बघून. युडोरा आपल्या टेबलावरच्या टाचण्या सारख्या करत बसली.

थिओला वाटलं की आपण इतकी वर्षं ज्या देवळात डोकं टेकवत होतो त्याच्या गाभाऱ्यात कुणीतरी हगून ठेवलं आहे, आणि पुजारीच ते आपल्याला हसत दाखवतो आहे. पण तो उठला नाही. जायला दुसरी जागाच नव्हती.

तो उठत नाही हे बघून ऑक्टाव्ह साहेबांनी घड्याळ बघितलं आणि आवाज खाली आणला. "ऐक. मी काही राक्षस नाही. थोड्या वेळाने ब्रॉवर येतील. फोटोवाला येणार आहे. पाटी देताना ब्रॉवरांच्या शेजारी मळ्यावरचा एखादा मजूर असला तर बरं दिसतं. तू उभा राहा. हात मागे घे, पट्टी दिसू देऊ नकोस, आणि जरा हस. मग मी ब्रॉवरांशी बोलतो. मंगळवारपर्यंत तुला ठेवून घेता येतं का बघू."

"बघू, की ठेवाल?"

"माझा शब्द आहे."

"तो कुठला? भाषणातला?"

"जॉर्दान," साहेब म्हणाले, "मी तुला पैशांनी विकत घेत नाहीये. फक्त हसायला सांगतोय."

खोटं कशाला सांगू, थिओ कबूल झाला. हात जाणार असेल तर माणूस हसतो. नाचसुद्धा करतो. लामोथने आपला कोट आणून त्याच्या खांद्यावर टाकला. कोटाला तंबाखूचा आणि घामाचा शिळा वास होता. मग लामोथने त्याचा दुखरा हात गळ्यातल्या पट्ट्यातून काढला आणि बाजारात मासळी उलटीपालटी करून बघावी तसा मागे वळवून कमरेशी दाबून बसवला. थिओच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "असाच धर," लामोथ म्हणाले. "हसून दाखव. अजून. दात दिसू देत."

तो दात दाखवत उभा राहिला.

लामोथ युडोराच्या टेबलाशी गेले आणि वाकून तिच्या कानात काही बोलले. युडोराने फोन उचलला. ती एरवी फोनवर इतकं हळू बोलते की पलीकडचा माणूस तीन वेळा 'काय' म्हणतो. आज ती सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "हो, जॉर्दान, थिओफिलस. उद्या सकाळचंच. नाही, पुढे ढकलायचं नाही, कायम ठेवा. आणि आज समारंभ संपला की विमानतळाजवळच्या हॉटेलात पोचवायला गाडी. हो, बरोबर माणूस राहील. पळून जाऊ नये म्हणून."

फोन ठेवून ती पुन्हा टाचण्या मोजायला लागली. लामोथचा चेहरा राखेसारखा झाला.

थिओने कोट खांद्यावरून झटकला. तो माशाच्या वड्यांवर जाऊन पडला. मग तो पुन्हा खुर्चीवर बसला आणि हात मांडीवर घेतला.

"पोलिसांना बोलवा," ऑक्टाव्ह साहेब म्हणाले. आवाज तोच, डॉक्टरचा.

पोलीस एकटाच आला, तिशीच्या आतला, गालावर वस्तऱ्याची जखम असलेला. तो काचेच्या दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. दार उघडंच होतं, पण त्याने पाऊल आत टाकलं नाही. बाहेरूनच म्हणाला, "आत यायला तुमची परवानगी लागते, सर. ही तुमची जागा आहे."

म्हणजे भाषण अगदीच वाऱ्यावर नव्हतं. परक्या मुलखाचा शिपाई खरोखर त्या उंबऱ्याशी अडला होता. थिओने ते डोळ्यांनी बघितलं. ऑक्टाव्ह साहेब स्वतः चालत दाराशी गेले, दाराची दुसरी फळीही उघडली, आणि लग्नाच्या मांडवात पाहुण्याला घ्यावं तसं म्हणाले, "या, या. आत या."

शिपायाने थिओचा पासपोर्ट बघितला. "व्हिसा डिसेंबरपर्यंत आहे," तो म्हणाला. "यांनी काय केलंय?"

"उठत नाहीत."

"आणखी?"

"आणखी काय करायला हवं? उठत नाहीत."

शिपायाने पासपोर्ट परत दिला. "चला काका," तो थिओला म्हणाला. "ह्यांना तुम्ही इथे नको आहात. मी तुम्हाला ओढून नेणं बरं दिसणार नाही."

थिओ उठला. लिफ्टमध्ये दोघंच होते. आरशात त्याला स्वतःचा सदरा दिसला, इस्त्री मोडलेला. त्याने विचारलं, "आता विमानतळावर नेणार?"

"मी? कशाला?"

"उद्याचं विमान आहे माझं."

"मग उद्या जा. नाहीतर जाऊ नका."

"जाऊ नको म्हणजे? तिकीट काढलंय."

"तिकीट काढणाऱ्याने काढलं. बसायचं की नाही ते तुमच्यावर आहे. तुमचा व्हिसा आहे, गुन्हा काही नाही. तुम्हाला विमानात घालायचा कागद माझ्याकडे नाही, आणि त्यांच्याकडेही नाही. असता तर मला दाखवला असता."

लिफ्ट खाली पोचली. दार उघडून बंद व्हायला लागलं तरी थिओ आतच उभा. इतक्या मोसमांत किती माणसं गेली होती मळ्यावरून. पाठ मोडलेला सिल्वेस्टर, छातीत औषधाची फवारणी गेलेला तो लहान मोरेल. 'तिकीट काढलंय' एवढंच लामोथ सांगायचे आणि ती माणसं पिशवी भरायची. कुणी पोलीस नाही, कुणी कोर्ट नाही. आपल्याच माणसाने आपल्याच बोलीत सांगितलेला शब्द, आणि तो हुकूम समजून निघून गेलेली माणसं. परक्यांना त्यांना हुसकावता आलं नसतं. त्यासाठी घरचाच माणूस लागला.

तो फुटपाथवर आला. शिपाई गाडीत बसून निघून गेला.

समोर एक मोठी गाडी थांबली आणि तिच्यातून हँक ब्रॉवर उतरला, निळ्या सुटात, केस पाणी लावून बसवलेले. बरोबर बायको, हातात फुलं.

"अरे, थिओ," ब्रॉवर म्हणाला. तो खरंच खूश दिसला. "तूही आलास? किती छान." आणि सवयीने त्याने हस्तांदोलनाला उजवा हात पुढे केला. थिओने पट्टीतला हात वर उचलला नाही. ब्रॉवरची बायको त्या पट्टीकडे बघत राहिली. पट्टीवर नुकताच रक्ताचा एक नवा डाग उमटला होता, लामोथने दाबलं होतं तिथे.

"मला उद्या घरी पाठवतायत," थिओ म्हणाला.

"हो, तुझे साहेब म्हणाले. तुलाच घरची ओढ लागलीय म्हणे. मी म्हटलं, जसं त्याला बरं वाटेल तसं."

"साहेब मला म्हणाले की तुम्हाला मी नको आहे."

"मी असं कधीच म्हटलं नाही." ब्रॉवरने बायकोकडे बघितलं. "कधीच नाही."

आणि तो खोटं बोलत नव्हता. हेच तर सगळ्यात घाण होतं. त्याने म्हटलं नव्हतं. लामोथनेही आपल्या मते काही केलं नव्हतं. ऑक्टाव्ह साहेबांनी तर नुसतं दार उघडलं होतं. सगळे स्वच्छ, सगळ्यांच्या कॉलरी पांढऱ्या, आणि हात मात्र तुटला होता.

"पट्ट्यावर जाळी बसवलीत का?" थिओने विचारलं.

ब्रॉवरने घड्याळ बघितलं. "आपण सोमवारी बोलू याबद्दल."

"सोमवारी मी नसेन म्हणून सांगितलंय ना तुम्हाला?"

तेवढ्यात लामोथ जिना उतरून धापा टाकत आले. कोटाच्या बाहीला माशाची वडी चिकटलेली होती. "मिस्टर ब्रॉवर, मॅडम, वर चला ना, सगळे वाट बघतायत." मग थिओकडे वळून, दात न उघडता, बेटाच्या बोलीत, "मागच्या दाराने वर ये. साहेब म्हणतायत, बोलू. मंगळवारचं करून टाकू. पण इथे उभा राहू नकोस. अजून पाहुणे यायचेत."

"वर नाही येणार."

"मंगळवारचं करतो म्हणतोय ना मी."

"मंगळवारचं मीच करेन. मला त्यासाठी तुम्ही लागत नाही. आज कळलं."

"थिओ, तुझं नाव यादीतून कायमचं जाईल. कळतंय का तुला?"

थिओने हात पुन्हा गळ्यातल्या पट्ट्यात अडकवला. लामोथच्या श्वासाला रविवारच्याच मटणासारखा वास येतोय असं त्याला वाटलं. तसं नसेलही. तो चालायला लागला. कोपऱ्यावर त्याने एका बाईला बसचा थांबा विचारला.

तो ऑटिली बाईंकडे गेला. बाई बेटाच्या, आता म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करतात, रविवारी चर्चमध्ये सूप वाटतात. त्यांनी तळघरातली खाट दिली आणि वर दोन शिव्याही. "इतकी वर्षं त्या रम पिणाऱ्यांना साहेब साहेब करत होतास. शरम वाटते का आता? वाटू दे. पाय पुस आणि जेव."

गुरुवारचं विमान त्याच्याशिवाय गेलं. मंगळवारी ऑपरेशन झालं. एक बोट पुरतं वाकायला लागलं, दुसरं अर्धं. डॉक्टरीण म्हणाली, व्यायाम करत राहिलास तर आणखी वाकेल. वकिलातीने बेटावरच्या कामगार खात्याला कळवलं की थिओफिलस जॉर्दान याने गैरवर्तन केलं आणि कामावरून पळून गेला. मळ्यावर त्याच्या खाटेवर दुसरा माणूस आला. इग्नेशियसने त्याची पिशवी बसने पाठवून दिली. आत एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. घाबरला असेल.

ऑक्टोबरात फिलोमेनचा, त्याच्या बायकोचा, फोन आला.

"हात कसा आहे?"

"पेला धरता येतो."

"तासणी?"

"येईल. थोडे दिवस जातील."

 मग ती म्हणाली, "केल्विनचं नाव काढलं यादीतून." केल्विन म्हणजे तिचा धाकटा भाऊ. येत्या मार्चला तो पहिल्यांदा कॅनडाला येणार होता. त्या भरवशावर त्याने लग्न ठरवलं होतं. "खात्यात सांगितलं की जॉर्दानच्या घरातला माणूस नको. थिओ, तू त्या साहेबांना फोन कर. माफी माग."

"कशाची?"

"कशाचीही. मला काय विचारतोस? तोंडाने 'चुकलो' म्हणायला हात लागतो का?"

"नाही मागणार."

"माझा भाऊ आहे रे तो."

"त्यांच्यापुढे दात काढून उभा राहिलो होतो मी, फिलो. हात मागे धरून. एकदा केलं तेवढं पुरे. आता नाही होणार माझ्याच्याने."

 "मग तूच सांग त्याला," ती म्हणाली. "इथेच आहे."

फोन हातोहात गेला. थिओने मनात शब्द जुळवले. तुझं नाव माझ्यापायी गेलं, मी माफी मागणार नाही, मला शिव्या दे. एवढंच सांगायचं होतं.

"भाऊजी," केल्विन म्हणाला. आवाज हलका होता, जवळजवळ आनंदी. "तुम्ही नका टेन्शन घेऊ. ताईला अजून माहीत नाही, पण काम झालंय माझं."

"कसं?"

"काल खात्यात जाऊन आलो. दोन बाटल्या नेल्या होत्या. त्यांनी विचारलं, जॉर्दान तुझा कोण. मी सांगितलं, कोणी नाही. बहिणीने त्याला सोडलंय, आमचा काही संबंध नाही त्या माणसाशी. तसं लिहूनही दिलं. त्यांनी लगेच नाव परत घातलं." तो थांबला. "नुसतं तोंडाने म्हणायचं होतं भाऊजी. तुम्हाला राग नाही ना आला?"

मागे फिलोमेन विचारत होती, काय म्हणतोय, काय म्हणतोय तो.

थिओने फोन दुसऱ्या कानाला धरला.  पोराच्या जागी वीस वर्षांपूर्वी तो असता तर त्यानेही तीन बाटल्या नेल्या असत्या.

"राग कसला," तो म्हणाला. "कुठला मळा दिलाय?"

"ब्रॉवर. चांगला आहे म्हणतात मालक."

"बूट तिकडूनच घेऊन ये. इथे मिळतात ते घोट्याला कापतात."

"बूट," केल्विन म्हणाला. तो बहुतेक कुठेतरी लिहून घेत होता. "आणखी काय आणू?"